बान्योलींचा वेरोना आणि पंचांच्या चिठ्ठ्या

इटालियन फुटबॉलच्या गप्पांत कुणी १९८५ च्या हेलास वेरोनाचं नाव काढलं, की एक तरी शहाणा हमखास निघतो. "हां, त्या वर्षी सामन्यांचे पंच चिठ्ठ्या टाकून, सोडतीने नेमायचे ना, म्हणून लीग जिंकले ते." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पंचांना शिव्या घालत लहानाचा मोठा झालो. आपल्या पेठेची टीम हरली की दोष पंचाचाच, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. तरीही सांगतो, वेरोनाचं श्रेय त्या चिठ्ठ्यांना देणं हा त्यांचे प्रशिक्षक ओस्वाल्दो बान्योलींवर अन्याय आहे.

आधी सोडतीचं प्रकरण काय ते सांगतो, कारण ते खोटं नाही. कुठल्या सामन्याला कुठला पंच जाणार हे तोवर नेमणूक करणारे अधिकारी ठरवत. १९८० मध्ये सट्टेबाजीचं मोठं प्रकरण बाहेर आलं, मिलान आणि लाझिओला थेट खालच्या श्रेणीत ढकललं गेलं, आणि लोकांचा विश्वास उडाला तो उडालाच. १९८४-८५ ला सगळे पंच सोडतीने ठरले. पुढच्या वर्षी ती पद्धत गुंडाळली. म्हणजे सोडत एकच वर्ष, आणि नेमकं त्याच वर्षी वेरोना विजेता. गोष्ट इतकी गोळीबंद आहे की पुढे कुणी काही बघायलाच तयार नाही.

बघायचं असेल तर तीन वर्षं मागे जा. बान्योली १९८१ मध्ये आले तेव्हा वेरोना दुसऱ्या श्रेणीत होता. १९८२ ला वर आला. वर आल्याबरोबर पहिल्याच हंगामात चौथा. १९८३ आणि १९८४, सलग दोन वर्षं इटालियन कपच्या अंतिम फेरीत. एकदा युव्हेंटसकडून हरला, एकदा रोमाकडून. यातला एकही सामना सोडतीच्या वर्षातला नाही. तेव्हा पंच नेमलेलेच होते की!

बान्योली मिलानच्या बोविझा भागातले, कामगार वस्तीतले. खेळाडू म्हणून मिलानकडून लीग जिंकलेले, वेरोनाकडूनही खेळलेले. बोलणं कमी. उजव्या बॅकने उजव्या बॅकचं काम करावं, हाफने हाफचं, अशा अर्थाचं एक वाक्य त्यांच्या नावावर सांगतात. ऐकायला अगदीच साधं. पण त्यांच्याकडे आलेल्या पोरांची यादी बघितली की त्यातली मेख कळते. पिएत्रो फान्ना आणि जुझेप्पे गाल्देरिसी हे दोघे युव्हेंटसमधून आलेले. तिथे मोठमोठ्या नावांच्या गर्दीत त्यांचा निभाव लागला नव्हता. इथे फान्नाला उजवी बाजू मोकळी दिली, धाव म्हटलं. गाल्देरिसीने त्या हंगामात लीगमध्ये ११ गोल मारले. मधे दी जेन्नारो, मागे कप्तान त्रिचेल्ला.

आणि गोलात क्लाउदियो गारेल्ला. हा माणूस मला फार आवडतो. लाझिओत असताना त्याने असे काही गोल खाल्ले की गोलकीपरच्या घोडचुकीला त्याच्याच नावावरून 'गारेल्लाता' म्हणायला लागले. असा शिक्का बसलेला गोलकीपर घेऊन कोण लीग जिंकायला निघतो? गारेल्ला हातापेक्षा पायाने, गुडघ्याने, नडगीने चेंडू अडवायचा. दिसायला बेंगरूळ, कुठल्याही प्रशिक्षण वर्गात दाखवणार नाहीत असा प्रकार. युव्हेंटसचे मालक जियान्नी अन्येल्ली त्याला जगातला सर्वोत्तम गोलकीपर म्हणाले, पण "हातांशिवायचा", असं सांगतात. ३० सामन्यांत वेरोनाने १९ गोल खाल्ले. पुढे हाच गारेल्ला नापोलीत गेला आणि १९८७ ला तिथेही लीग जिंकला. म्हणजे तो योगायोग नव्हता.

१९८४ च्या उन्हाळ्यात दोन परदेशी आले. जर्मनीचा हान्स-पीटर ब्रीगेल हा तरुणपणी ॲथलेटिक्समधला, डेकॅथलॉनवाला गडी. मोजे घोट्यापर्यंत खाली सोडून खेळायचा. आणि डेन्मार्कचा प्रेबेन एल्कियर, सिगारेटी ओढणारा, बैलासारखा मुसंडी मारणारा.

पहिलाच सामना १६ सप्टेंबरला, घरच्या बेंतेगोदी मैदानावर, नापोलीशी. हा दिएगो मॅराडोनाचा इटालियन लीगमधला पहिला सामना. सगळ्या देशाची नजर त्याच्यावर. बान्योलींनी त्याच्या अंगावर ब्रीगेलला सोडलं. ब्रीगेलने मॅराडोनाला रोखलं ते रोखलंच, वर स्वतः एक गोल ठोकला. ३-१. त्या दिवसाचे पंच सोडतीने आले म्हणून मॅराडोना अडला, असं म्हणणारा अजून मला भेटलेला नाही.

मग १४ ऑक्टोबर, समोर प्लाटिनीची युव्हेंटस. गाल्देरिसीने आघाडी मिळवून दिलेली. सामना संपत आलेला असताना एल्कियर डावीकडून चेंडू घेऊन सुटला. युव्हेंटसचा पोरसवदा बचावपटू स्तेफानो पिओली आडवा गेला (तोच पिओली, ज्याने पुढे प्रशिक्षक म्हणून २०२२ ला मिलानला लीग जिंकून दिली). त्या धडकेत एल्कियरचा उजव्या पायातला बूट निघाला. माणूस लडखडला, पडला नाही, थांबला तर अजिबात नाही. आत वळला आणि त्याच बिनबुटाच्या पायाने, नुसत्या मोज्याने, चेंडू जाळ्यात मारला. जुनी धुरकट चित्रफीत आहे, मी ती किती वेळा पाहिली याला हिशोब नाही. गोलनंतरच्या जल्लोषापेक्षा मला तो मधला अर्धा सेकंद आवडतो, बूट गेल्याचं पायाला कळलंय पण डोक्याने अजून दखल घेतलेली नाही असा.

तरीही माझ्या मते हंगामाचा खरा सामना फेब्रुवारीतला, उदिनेत. वेरोना वीसेक मिनिटांत ३-० ने पुढे. मग उदिनेसेने तिन्ही गोल फेडले. ३-३. छोट्या गावची टीम पहिल्या क्रमांकावर असताना असं झालं की पुढे काय होतं ते आपल्याला ठाऊक असतं: पाय जड होतात, एकमेकांवर ओरडाआरडा सुरू होतो, आणि चौथा बसतो. इथे चौथा एल्कियरने मारला आणि पाचवा ब्रीगेलने. ५-३.

१२ मे १९८५ ला बेर्गामोत अतालान्ताशी १-१ बरोबरी झाली आणि लीग हातात आली. त्या बरोबरीचा गोलही एल्कियरचाच. ३० सामन्यांत १५ जिंकले, १३ बरोबरीत, हरले फक्त दोन. विजयाला दोन गुण असायचे त्या काळात एकूण ४३ गुण. दुसरा तोरिनो, ३९. सेरिए आ, म्हणजे इटलीची ही वरची लीग, १९२९ पासून एकाच गटात खेळली जाते. तेव्हापासून प्रांताची राजधानी नसलेल्या शहराच्या क्लबने ती जिंकल्याचं हे एकमेव उदाहरण. मिलान, तुरिन, रोम सोडाच. वेरोना ज्या प्रांतात आहे त्याची राजधानी व्हेनिस.

पुढच्या वर्षी युरोपियन कपमध्ये ग्रीसच्या पाओकला हरवून वेरोनाची गाठ पडली ती युव्हेंटसशीच. घरी ०-०. तुरिनचा सामना हेझेलच्या दुर्घटनेनंतरच्या (ब्रुसेल्सच्या स्टेडियमवर युव्हेंटसच्या अंतिम सामन्याआधी माणसं मेली, ती) शिक्षेमुळे रिकाम्या मैदानात, आणि तिथे ०-२. पंच फ्रान्सचे, युएफाने (युरोपच्या फुटबॉल संघटनेने) नेमलेले. वेरोनाची पेनल्टी नाकारली म्हणून त्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये काचा फुटल्या, पोलीस आत आले. चोर शोधत असाल तर ते शेजारच्या खोलीत आहेत, असं बान्योलींनी त्यांना सुनावल्याचं सांगतात. त्या मितभाषी माणसाच्या तोंडी हे वाक्य आलं म्हणजे आतून किती पेटला असेल विचार करा. (शाहू स्टेडियमवर हे वाक्य सहज खपलं असतं.)

त्यानंतर संघ हळूहळू पांगला. १९९० ला वेरोना पुन्हा खालच्या श्रेणीत गेला आणि बान्योली जेनोआला गेले. सोडतवाल्यांना मी नेहमी इथपर्यंत आणतो, कारण त्यांना हा भाग माहीत नसतो. जेनोआ तेव्हा जेमतेम तग धरून असलेला जुना क्लब. बान्योलींनी पहिल्याच हंगामात तो चौथा आणला. मार्च १९९२ मध्ये युएफा कपात घरी लिव्हरपूलला २-० ने हरवलं, मग त्यांच्याच घरच्या ॲनफिल्ड मैदानावर जाऊन २-१ ने, दोन्ही गोल उरुग्वेच्या आगिलेराचे. ॲनफिल्डवर लिव्हरपूलला हरवणारा तो पहिला इटालियन क्लब. युव्हेंटस नाही, मिलान नाही, इंटर नाही. त्या रात्रीचे पंच काही चिठ्ठी टाकून आले नव्हते.