मे महिन्यात तारे बघायला येऊ नका

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोतल्या प्रत्येक मराठी घरी मार्चमध्ये मुंबईहून फोन येतो: मुलांना मेची सुट्टी आहे, तंबू ठोकून तारे दाखवा. नका येऊ. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत इथे खरा काळोख पडतच नाही. सूर्य मध्यरात्रीसुद्धा क्षितिजाखाली १८ अंश उतरत नाही, उत्तरेला उजेडाची कड रेंगाळते. त्यात मिजेस नावाची चिलटं, मच्छरदाणीच्या भोकातून सहज आत येणारी.

दिवाळीत या. लक्ष्मीपूजनाची अमावास्या आयती मिळते. कालनिर्णयातली अमावास्या इथेही चालते, चंद्रोदयाच्या वेळा मात्र चालत नाहीत. आणि शरदात अमावास्येनंतरची कोर इथे क्षितिजाला चिकटूनच मावळते, त्यामुळे पुढच्या चार रात्रीही हिशेबात धरा.

आता जागेचं बुकिंग. ते करायचंच नाही, आणि हेच मुंबईच्या मंडळींना पटत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात आकाश बंद, दिवाळीनंतर उघडं. वांगणीला तारे बघायला जायची तारीख महिनाभर आधी ठरवली तरी बिघडत नाही. इथे तीन रात्री मोकळ्या ठेवायच्या आणि दिशा शेवटच्या दिवशी ठरवायची. वारा पश्चिमेचा असेल तर ओल पश्चिमेच्या डोंगरांवरच रिकामी होते, जशी आपल्या घाटमाथ्यावर होते आणि माण-खटाव कोरडं राहतं. अशा वेळी ईशान्येला, केअर्नगॉर्म डोंगरांपलीकडचं टॉमिन्टूल. पूर्वेचा वारा सुटला की उत्तर समुद्रावरचं धुकं पूर्व किनाऱ्यावर चढतं, मग नैर्ऋत्येचं गॅलोवे, २००९ पासूनचं डार्क स्काय पार्क, म्हणजे काळोख्या आकाशासाठी मान्यता मिळालेलं वनक्षेत्र.

अंदाज वाचताना पाच दिवस आधी फक्त हवेचा दाब बघा. दोन दिवस आधी विंडी या हवामानाच्या ॲपवर युरोपीय आणि अमेरिकन मॉडेल शेजारी ठेवा. दोघांचं जमत नसेल तर दोघांवरही विश्वास नको. आदल्या संध्याकाळी ढगांचे तीन थर वेगवेगळे तपासा. 'एकूण ढग' हा आकडा फसवा आहे. वरचे विरळ ढग ८० टक्के असले तरी गुरू दिसतो, पण आकाशगंगा पुसली जाते. उलट कोल्ड फ्रंट, म्हणजे थंड हवेची आघाडी, सरकून गेल्यावर खालचे तुटक ढग ३० टक्के असले तर मधल्या फटींतून धुतल्यासारखं आकाश मिळतं. रात्री उपग्रहाच्या इन्फ्रारेड चित्रावर भरवसा टाकू नका: खालचं धुकं जमिनीइतकंच गार असतं, म्हणून चित्रात जमीनच वाटतं.

दाब जास्त, वारा पडलेला, अंदाज 'निरभ्र', आणि तरी घात होतो तो दरीत. तापमान आणि दवबिंदू यांतलं अंतर दोन अंशांवर आलं की तळ्याकाठी धुकं बसतं. फोटोतली तळ्याकाठची सुंदर जागा म्हणून सोडायची. दोनशे मीटर वर चढा, बहुतेक वेळा धुकं पायाखाली राहतं.

असं ऐनवेळी कुठेही जाता येतं ते २००३ च्या स्कॉटलंडच्या जमीन सुधारणा कायद्यामुळे, आणि त्याचं कौतुक कितीही केलं तरी कमीच. पडीक जमीन, कोणाचीही असो, तंबू लावायला परवानगी लागत नाही. अटी साध्या: माणसं थोडी, एका जागी दोन-तीन रात्री, पीक आणि घरं यांपासून लांब, कचरा परत पिशवीत. वॉचमन नाही, अर्ज नाही. गाडीत झोपणं मात्र या हक्कात बसत नाही, आणि लॉक लोमंड तळ्याच्या काही किनाऱ्यांवर मार्च ते सप्टेंबर परमिट लागतं. इंग्लंडची सीमा ओलांडली की डार्टमूर सोडलं तर हा हक्क संपला, तिथे मालकाची परवानगी नाहीतर कॅम्पसाइट.

कर्जत लोकलने वांगणीला जाऊन हेच फुकटात होतं, असं म्हणणारे काका प्रत्येक घरात आहेत. खरं आहे. अगस्त्य इथे कधी उगवत नाही, वृश्चिकाची नांगी क्षितिजावर येत नाही, ध्रुव बघायला मान मोडते. पण देवयानी दीर्घिका इथे शोधावी लागत नाही, नुसत्या डोळ्यांना दिसते. मुंबईच्या इतक्या जवळ ते आता उरलेलं नाही. (हे वाचून वांगणीकर चिडतील. चिडू देत.)

थंडीचं थोडक्यात. स्लीपिंग बॅगवरचा तापमानाचा 'कम्फर्ट' आकडा बघा, 'एक्स्ट्रीम' नव्हे. नुसत्या ब्युटेनचा गॅस शून्याच्या आसपास पेटत नाही, प्रोपेन मिसळलेलं सिलिंडर घ्या, नाहीतर चहा विसरा. भिंगावर दव धरू नये म्हणून यूएसबीची गरम पट्टी. ती सहा वॉटची असेल तर वीस हजार एमएएचची पॉवर बँक कागदावर बारा तास चालते, थंडीत सात धरा आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगेत अंगाशी ठेवा. टॉर्चला लाल जिलेटिन पेपर दुहेरी लावा, तो येताना दादरहूनच आणा.

दहा वाजता ढग असतील तर झोपा आणि दोनचा गजर लावा. तंबू त्यासाठीच आणलेला असतो.