चूक सांगायचीच भीती

मागच्या कंपनीत (हिंजवडीतली, नाव नको) एक मॅनेजर होता, रोज सकाळी स्टँडअपला (टीमची रोजची छोटी मीटिंग) कुणाला ना कुणाला सगळ्यांसमोर झापायचा. एकदा माझ्या एक्सेलमध्ये जीएसटी 18 च्या जागी 12 टक्के लागला होता, बुधवारीच लक्षात आलं पण सांगायची हिंमतच होईना, म्हटलं उद्या गुपचूप दुरुस्त करू, आणि तोवर शीट क्लायंटकडे गेलेली. दोन मिनिटांचं काम, निस्तरायला आठवडा गेला. चूक माझीच, मान्य, पण लपवली का, तर त्या स्टँडअपमुळे.

परवा हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांच्याबद्दल वाचलं. नव्वदच्या दशकात त्यांनी हॉस्पिटलमधे औषधं देताना होणाऱ्या चुका तपासल्या, तर चांगल्या टीममधेच जास्त चुका सापडल्या! मग त्यांच्या लक्षात आलं की तिथे चुका जास्त होत नसाव्यात, तिथल्या नर्स त्या न घाबरता सांगत असाव्यात. गूगलने 2012 पासून स्वतःच्या टीम तपासल्या तेव्हाही न घाबरता बोलता येण्याचा हाच मुद्दा सगळ्यात वर आला, टीममधे कोण कोण आहे यापेक्षा ते एकमेकांशी वागतात कसे हे महत्त्वाचं निघालं.

आत्ताच्या टीम लीडला पहिल्याच महिन्यात घाबरत घाबरत सांगितलं, मॅडम, माझ्याकडून चुकीची फाईल गेलीये. त्या म्हणाल्या, "बरं झालं लगेच सांगितलंस, आधी त्यांना फोन करू, मग चहा." पंधरा मिनिटांत विषय संपला, टपरीवर कटिंगचे पैसेपण त्यांनीच दिले.

पगार मात्र जुन्या कंपनीतच जास्त होता, काय करणार.