तुम्ही विचारलंत म्हणून: मशीद बांधायचीच कशाला?

"तुमच्यात नमाज कुठंही चालते ना? मग एवढा खर्च करून मशीद कशाला?" शाळेतले सहकारी मला हे नेहमी विचारतात. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी नवी मशीद उभी राहिल्यापासून तर जास्तच.

चालते, खरंय. जागा पाक, म्हणजे शुद्ध, असली की शेताच्या बांधावरही नमाज होते. अब्बांनी जोहर, म्हणजे दुपारची नमाज, आयुष्यभर तिथंच पढली. पण जमातीनं, म्हणजे सगळ्यांनी मिळून, पढलेल्या नमाजेचा सवाब (पुण्य) एकट्याच्या नमाजेपेक्षा २७ पट, असं हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, आहे. आणि जमात म्हटली की सफ आली, खांद्याला खांदा लावलेली सरळ रांग. आधी आम्ही भाड्याच्या गोदामात पढायचो. नमाजेत तोंड मक्केकडे हवं, आणि मक्का आपल्याकडून पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कललेली. गोदामाच्या भिंतींचा रोख भलतीकडेच. मग फरशीवर तिरक्या रेघा ओढलेल्या, कोपऱ्यांतली जागा वाया गेलेली आणि जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारच्या नमाजेला, कितीतरी माणसं रस्त्यावर उन्हात. नव्या जागेवर गवंड्यानं पहिली दोरी ताणली ती किब्ल्याची, म्हणजे मक्केच्या दिशेची. भिंती त्या दोरीनं उठल्या, त्यामुळे रस्त्यावरून पाहिलं तर मशीद जराशी वळून उभी राहिल्यासारखी दिसते. मिनारावर आमच्या लोकांनी फार पैसा घातला नाही, हे मला मनापासून पटलं.

पैसा घातला तो पाण्यावर. वजू म्हणजे नमाजेआधी हात-तोंड-पाय धुणं; वजूशिवाय नमाज नाही. मलिक अंबरनं चारशे वर्षांपूर्वी खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर, म्हणजे पाण्याचा कालवा, आणली. तसं पाणी असेल तर हौद बांधावा. आमच्या हनफी रीतीत (सुन्नी मुसलमानांच्या एका पंथाच्या नियमांत) दहा हात लांब, दहा हात रुंद हौद असला की त्यातलं पाणी वाहत्या पाण्यासारखं धरतात. रंग, वास, चव बदलेपर्यंत ते पाकच. आमच्याकडं तेवढं पाणी कुठलं? २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते दिवस आठवले की अजून अंगावर काटा येतो. म्हणून वजूखान्यात हौदाऐवजी बारीक धारेचे नळ बसवले आणि समोर बसायला ओटे बांधले. तोंड, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, घोट्यापर्यंत पाय. जपून वापरलं तर तांब्याभर पाण्यात सगळं होतं. म्हाताऱ्यांना ओट्यावर टेकून पाय धुता येतात, गोदामात त्यांचे फार हाल व्हायचे.

वजूच्या पाण्यात साबण नसतो. ते गटारात न सोडता बोअरजवळ मुरवायचं, असं सगळ्यांनी बसून ठरवलंय. शोषखड्डा अजून अर्धाच खणून झालाय. सध्या जुम्म्याला चंद्याची पेटी फिरते ती त्याच्यासाठीच.