आईनं माळ घातली आणि मी मसूर भिजत घातला

मला स्वयंपाकातलं एकच काम यायचं, रविवारचं चिकन. आमच्या बेळगावातल्या वडगावात बऱ्याच घरांतल्या पुरुषांचं असंच असतं. आठवडाभर गॅसकडे बघायचं नाही, आणि रविवारी दहा वाजता टॉवेल खांद्यावर टाकून 'आज मी करतो' म्हणत ओट्याचा ताबा घ्यायचा. भांडी अर्थात बायकोनं घासायची.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या. बायको एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. तिची ड्युटी दुपारची झाली, दोनला जायचं आणि घरी यायला साडेनऊ. मी उद्यमबागेत मशीन शॉपला असतो, साडेपाचला सुटतो आणि सहाला घरी येतो. म्हणजे आठवड्याचे सहा दिवस रात्रीचं जेवण माझ्या गळ्यात पडलं. त्याला मी घाबरलो नव्हतो, कारण चिकन येत होतं. पण आषाढीला आई पंढरपूरला गेली आणि गळ्यात माळ घालूनच परत आली.

"तुमी भाईर काय खायाचं ते खावा," ती म्हणाली. "ह्या चुलीवर नको आता. अंडं पण नको."

आमची थोरली सहा वर्षांची, धाकटा साडेतीनचा. थोरली पांढरं तेवढं खाणारी: भात, दही, बटाटा, दोसा. धाकट्याला शेजारच्या अक्कांच्या घरात खेळून खेळून कन्नड चांगलं यायला लागलं होतं, त्यामुळे तो दोन भाषांत नाही म्हणायचा. ताट पुढं ठेवलं की आधी "नको", आपण घास उचलला की "ब्याड". दोघंही विनातक्रार जेवायची ती फक्त चिकन असलं की. म्हणून आमच्याकडे रविवारचं चिकन हळूहळू बुधवारीही व्हायला लागलं होतं, आणि कधीकधी शुक्रवारीही.

पहिल्या आठवड्यात मी काय काय केलं ते फार सांगत नाही. पालक वाटून कणकेत घातला, तर थोरलीनं पहिली चपाती उजेडाकडे धरून हिरवे ठिपके दाखवले आणि पुढचे चार दिवस पांढरी चपातीसुद्धा तपासूनच खाल्ली. लपवून घालायचा प्रकार मी तिथंच सोडला.

त्याच सुमारास धाकट्याला ताप आला म्हणून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन आलं १०.१. या वयाला ते ११ च्या खाली नसावं. मी लगेच माळेची कथा सांगितली, की बघा, चिकन बंद झालं. डॉक्टर हसले. चिकन बंद होऊन तीन आठवडे झाले होते, तेवढ्यात कुणाचं रक्त उतरत नाही. त्यात कोंबडीच्या मांसात लोह काही फार नसतं, असंही ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, दूध किती पितो?

सकाळी एक ग्लास, अंगणवाडीतून आला की एक, संध्याकाळी सातला आजी देते तो मोठा ग्लास, आणि झोपताना एक. मोजलं तर लिटरभर होत होतं. आम्हाला त्याचा अभिमानच होता की हो, पोरगं जेवत नाही पण दूध पितं! दुधात लोह जवळजवळ नसतंच, पोट मात्र गच्च भरतं, आणि त्यातलं कॅल्शियम बाकीच्या अन्नातलं लोहही नीट अंगी लागू देत नाही. दिवसाला अर्धा लिटरच्या वर नको, जेवणाच्या आधी दोन तास अजिबात नको, असं त्यांनी सांगितलं. लोहाचं सिरप दिलं, ते दुधाबरोबर द्यायचं नाही हे दोनदा बजावलं. प्रथिनांचं विचारलं तर म्हणाले, चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला १६ ग्रॅमच्या आसपास लागतात. कपभर दूध, वाटीभर घट्ट आमटी आणि भात-भाकरी एवढ्यात ती सहज होतात.

सातचा ग्लास बंद करणं हे या सगळ्यातलं सगळ्यात अवघड काम होतं, आणि ते पोराच्या बाबतीत नाही, आईच्या बाबतीत. "उपाशी झोपवतोस लेकराला?" दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. शेवटी तो ग्लास दुपारी चारला ढकलला आणि जेवण साडेनऊवरून साडेसातला आणलं. बायको येईपर्यंत थांबून सगळ्यांनी एकत्र जेवायचं ही आमची जुनी पद्धत मोडली, त्याचं बायकोला वाईट वाटलं. पण नऊ वाजता पोरं झोपेनं पेंगत असायची, आणि पेंगणाऱ्या पोराला कुठलीच भाजी चांगली लागत नाही हे मला तोवर कळलंच नव्हतं.

आता सोयाबीनच्या वड्यांचा किस्सा. कामावरच्या एकानं सांगितलं, वड्या भिजवून, पिळून, चिकनच्याच मसाल्यात टाक, कळत नाही. निम्म्याहून जास्त वजन प्रथिनांचंच असतं, हेही त्यानंच सांगितलं. मी कांदा-खोबरं भाजलं, वाटलं, तेल सुटेपर्यंत परतलं. घरभर रविवारचा वास सुटला. थोरली वास घेत आली, पातेल्यात डोकावली आणि थेट बाहेरच्या खोलीत ओरडत गेली, "आजी, बाबांनी चिकन केलं!"

आईचा हात माळेवर गेला. ती उठली, पायरीवर जाऊन बसली, आत येईना. मी वड्यांची पिशवी दाखवली, त्यावरचा हिरवा ठिपका दाखवला, एक कोरडी वडी हातावर ठेवली. तिनं ती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, "नसंल. खरं दिसतंय तसंच की." आणि त्या रात्री तिनं दूध-भाकरी खाल्ली. तेव्हापासून सोयाच्या वड्या आमच्याकडे बंद.

पण त्या रात्री ताटं उचलताना मला एक गोष्ट दिसली. दोन्ही ताटांत वड्या कडेला सारून ठेवलेल्या होत्या आणि रस्सा-भाताचं शीतसुद्धा शिल्लक नव्हतं. मग आठवलं, चिकन असतानाही हेच व्हायचं. थोरली एक तुकडा खायची, धाकटा हाड चोखायचा, आणि पोट भरायचं ते रस्सा-भातावर. मी आपला इतके दिवस तुकडे मोजत होतो.

म्हणून मी रस्सा तसाच ठेवला आणि त्यात अख्खा मसूर घातला. कोल्हापूर-कऱ्हाड बाजूला धाब्यांवर अख्खा मसूर मिळतोच, त्यामुळे कल्पना काही माझी नव्हे. माझी रीत एवढीच की वाटण रविवारी करतो, नाहीतरी ती वेळ पूर्वी चिकनची होती. तीन कांदे गॅसवर थेट काळे होईस्तोवर भाजायचे, अर्धी वाटी सुकं खोबरं, आलं, लसूण, चमचाभर तीळ, मूठभर कोथिंबीर. फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. वाटीभर मसूर कामाला जाताना भिजत घालतो. संध्याकाळी कुकरला तीन शिट्ट्या, तोवर लोखंडी कढईत वाटण आणि दोन टोमॅटो परतायचे, मसूर त्यात ओतायचा, निम्मा डावानं घोटायचा म्हणजे रस्सा दाट होतो. वरून लिंबू. आंबटामुळं लोह अंगी लागतं, कढईतलंही थोडं उतरतं. फक्त झालं की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायचं, नाहीतर रंग काळा पडतो आणि मग थोरली "हे काय?" म्हणून चमचा खाली ठेवते.

तिखटाचा प्रश्न अक्कांनी सोडवला. आमच्या घरच्या कांदा-लसूण चटणीत संकेश्वरी मिरची असते, तिचा झणका मोठ्यांनाही पुरतो. ती न घालावी तर रस्सा पिवळा, आणि पिवळा रस्सा म्हणजे वरण हे पोरांना पक्कं ठाऊक. मागच्या दारातून बघत अक्का म्हणाल्या, "हांग माडब्याड्री अण्णा," म्हणजे असं करू नका, आणि नुसत्या ब्याडगीची पूड वाटीत आणून दिली. ब्याडगी मिरची रंगाला जोरदार आणि तिखटाला मवाळ. रस्सा लालभडक दिसला, आणि धाकट्यानं भात दुसऱ्यांदा मागितला. मोठ्यांसाठी मी नंतर पळीभर तेलात घरची चटणी फोडणीला टाकून आपापल्या ताटात वरून घेतो. एकाच कढईत दोन्ही स्वयंपाक निघतात. हे जमलं नसतं तर मी सप्टेंबरपर्यंतच हात टेकले असते.

याच वाटणात पुढं मटकी, चवळी, काळे वाटाणे झाले. काळे वाटाणे फसले, साल तोंडात येते म्हणे.

अक्कांचं घर लिंगायत, पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. चिकनशिवाय पोरं वाढवायची म्हणजे काय मोठं संकट, हे माझं रडगाणं त्यांना ऐकूनच घ्यावंसं वाटत नव्हतं. त्यांच्याकडून मी मुद्दी पल्ल्या शिकलो. अर्धी वाटी तूरडाळ, पालकाची किंवा मेथीची जुडी, टोमॅटो, सगळं एकदम कुकरमध्ये, मग रवीनं घोटून चमचाभर बेसन लावायचं आणि लसणीची फोडणी द्यायची. आपली पातळभाजी घट्ट केली की झालं. हिरवा रंग लपवलेला नसतो, उघडच असतो, आणि गंमत म्हणजे थोरलीला ते चाललं. तिचा राग पालकावर नव्हताच बहुतेक, फसवणुकीवर होता.

भाकरी मला अजून येत नाही. पहिली केली तेव्हा आई खुर्चीवरून म्हणाली, "आता नकाशा झाला, त्यात बेळगाव कुठल्या बाजूला घालतोस ते बघ." गुडघ्यांमुळं तिला स्वतःला ओट्याशी उभं राहवत नाही, ती बसून लसूण सोलते आणि शेरे मारते. मग मी कडक रोट्टी आणायला लागलो. वाळवलेली ज्वारीची पातळ भाकरी, आठवडाभर डब्यात राहते. पोरं ती पापडासारखी मोडून खातात, शेंगांची चटणी आणि दही लावून. चटणीत मिरची नावालाच. शेंगदाणे मात्र धाकट्याला कुटूनच देतो, अख्खा दाणा या वयात घशात अडकायची भीती असते.

दोसा हा माझा हुकमी एक्का होता. हिरवे मूग सकाळी भिजवायचे, संध्याकाळी आलं-जिरं घालून वाटायचे, आंबवायची भानगड नाही. गाजर किसून घातलं तरी चालतं. जुलैत एका संध्याकाळी मूग मिक्सरच्या भांड्यात, तवा तापलेला, आणि वीज गेली. बाहेर आमचा तो बेळगावी पाऊस, थांबायचं नाव नाही. पावणेआठ झाले. दोघं भिंतीला टेकून बसलेली, धाकटा दुधाच्या पातेल्याकडे बघतोय. मी भिजलेले मूग तसेच तांदळाबरोबर कुकरला लावले, तुपावर जिरं टाकलं आणि खिचडी म्हणून वाढलं. मेणबत्तीच्या उजेडात कुणालाच काही तपासता आलं नाही. खिचडी संपली. वीज सव्वानऊला आली.

बाकी दिवस असेच निघतात. शनिवारी वरणफळं, कारण थोरलीला वाटीनं गोल कापायला मिळतात. एकादशीला आईबरोबर सगळ्यांनाच उकडलेली रताळी, आपल्या पश्चिम भागातली, वर वाटीभर दही. फार थकलो तर मेतकूट-भात-तूप, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

तीन महिन्यांनी धाकट्याचं हिमोग्लोबिन ११.४ आलं. मी फुशारलो होतो, पण डॉक्टरांनी मोठा वाटा सिरपला आणि कमी झालेल्या दुधाला दिला. थोडा मसूरला, हे मी विचारून घेतलं.

दुधी अजून चालत नाही. नवी भाजी पोरांपुढं दहा-पंधरा वेळा यावी लागते, जबरदस्ती न करता, चमचाभर ताटाच्या कडेला, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधीच्या दिवशी मी फुली मारतो. नऊ झाल्यात. परवा नववी मारत होतो तेव्हा आईनं विचारलं, हे कशाचं रे? सांगितलं. ती लसूण सोलतच म्हणाली, "तू लग्न झाल्यावर खायला लागलास की दुधी. तेवढं कॅलेंडर पुरंल काय?"