मिलिव्होल्टवरून फ्लोराइड मोजताना

फ्लोराइडला रंग नाही, वास नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने लिटरमागे १.५ मिलिग्रॅम ठेवली आहे. इतकं कमी प्रमाण मोजायला मी आयन-निवडक इलेक्ट्रोड, म्हणजे एका ठरावीक आयनालाच (विद्युतभारित कणाला) प्रतिसाद देणारा इलेक्ट्रोड, वापरला. त्याच्या टोकाशी लँथेनम फ्लोराइडचा पातळ स्फटिक असतो, किंचित युरोपियम मिसळलेला. १९६६ साली फ्रँट आणि रॉस यांनी तो पुढे आणला. या स्फटिकातून फक्त फ्लोराइड आयन सरकतात. आतलं द्रावण ठरलेलं, बाहेरचं बदलतं, आणि त्या फरकातून तयार होणारा विभव (विद्युतदाब) शेजारच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत मीटरवर दिसतो.

आधी प्रमाण द्रावणं घेतली: लिटरमागे ०.१, १ आणि १० मिलिग्रॅम फ्लोराइडची. विरळपासून तीव्रकडे, प्लास्टिकच्या बीकरमध्ये. तीव्रता दहापट झाली की २५ अंशांना आकडा सुमारे ५९ मिलिव्होल्टने उतरायला हवा, असं नर्न्स्टचं समीकरण सांगतं. माझा उतार ५८ आला. इलेक्ट्रोड ठणठणीत होता.

खरी कसोटी नमुन्याची. पाणी तुरटीने निवळलेलं होतं, म्हणजे त्यात अ‍ॅल्युमिनियम असणारच, आणि ते फ्लोराइडला घट्ट धरून ठेवतं. इलेक्ट्रोडला दिसतो तो फक्त मोकळा आयन. म्हणून नमुन्यात तितकंच टिसॅब, म्हणजे मोजणीची परिस्थिती सारखी ठेवणारं मिश्र द्रावण, घालायचं. त्यातला अ‍ॅसिटेट बफर पीएच ५ ते ५.५ राखतो, कारण आम्ल वाढलं तर फ्लोराइड हायड्रोजनशी जोडलं जातं आणि अल्क वाढलं तर हायड्रॉक्साइड लुडबुड करतं. मीठ सगळ्या द्रावणांची आयनिक तीव्रता सारखी करतं. सीडीटीए हे धातूंना बांधून घेणारं रसायन अ‍ॅल्युमिनियमला ओढून घेतं. हेच टिसॅब प्रमाण द्रावणांतही घातलेलं होतं.

ढवळणी सुरू केली आणि मीटरकडे बघत बसलो. आकडा थांबायचं नाव घेईना. एकेका दशांशाने खाली येत राहिला. अ‍ॅल्युमिनियमच्या तावडीतून फ्लोराइड सुटत होतं, ते असं डोळ्यांदेखत! इथे घाई केली तर उत्तर कमी येणार, हे नक्की. एका मिलिव्होल्टची चूक म्हणजे तीव्रतेत सुमारे ४ टक्क्यांची चूक, त्यामुळे तापमान आणि ढवळण्याचा वेगही मी शेवटपर्यंत तोच ठेवला.

आकडा स्थिरावल्यावर त्याच बीकरमध्ये माहीत असलेल्या तीव्रतेचं थोडं फ्लोराइड टाकलं. टाकलेलं जवळजवळ सगळं मोजणीत परत मिळालं, आणि मगच नमुन्याचा आकडा वहीत लिहिला.