एका स्वल्पविरामाला दोन दिवस?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हा विषय मी टाळतो. "वेबसाइटवरच्या फॉर्मचा मेल आणखी तिघांना जायला हवा. एक स्वल्पविराम टाकायचा तर आहे, त्याला दोन दिवस कशाला?" हे इतक्या वेळा ऐकलंय की आता रागही येत नाही. खोटं कशाला बोलू, येतो.

स्वल्पविरामाने काम होतं, हे मला मान्य आहे. पीएचपी या वेबसाइटच्या प्रोग्रामिंग भाषेत मेल पाठवणारं 'मेल' फंक्शन असतं; त्याला पहिल्या जागी चार पत्ते स्वल्पविराम देऊन दिले की मेल चौघांना जातो, फक्त प्रत्येकाला बाकी तिघांचे पत्ते दिसतात. चौघं एकाच ऑफिसातले असतील, तर खुशाल तसं करा. मीही कित्येक वर्षं तेच केलं, आणि वेगळं काही सांगणाऱ्याला मनात हसलो.

मग ते काम आलं. दारू सोडू पाहणाऱ्यांचा एक गट होता. संयोजकाने फॉर्ममध्ये पुढच्या बैठकीची तारीख भरायची, आणि यादीतल्या ३८ जणांना मेल जायचा. इथे पत्ते एकमेकांना दिसता कामा नयेत, एवढं मला कळत होतं. म्हणून मी स्वल्पविराम वापरला नाही. पीएचपीमेलर ही मेल पाठवायची तयार लायब्ररी घेतली आणि लूप लावला: एक पत्ता जोडा, पाठवा, पुढचा पत्ता जोडा, पाठवा. एक ओळ राहिली, क्लिअरॲड्रेसेसची. ती नसेल तर आधीचा पत्ता पुसला जात नाही, नवा त्याच्या शेजारी जाऊन बसतो. दुसऱ्या मेलवर दोन पत्ते, तिसऱ्यावर तीन, शेवटच्यावर अडतीसच्या अडतीस. पहिल्या माणसाला एकाच बैठकीचं निमंत्रण ३८ वेळा गेलं. एकूण ७४१ मेल पोचले. हा हिशोब मी त्या रात्री कागदावर केला, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

चाचणी केली नव्हती का? केली होती की! यादीत फक्त माझा पत्ता टाकून. एकाच पत्त्यावर तो लूप अगदी बिनचूक चालतो.

यादीतले दोघं एकाच ऑफिसात होते. एकमेकांना माहीत नव्हतं. त्यांतल्या एकाने मला एका ओळीचा मेल केला: "उद्या ऑफिसला कसं जाऊ, तेवढं सांगा." मी माफी मागितली. उत्तर आलं नाही.

इथे कुणीतरी म्हणतंच, "बीसीसी टाकायचं ना!" बरोबर आहे, बीसीसीतले पत्ते बाकीच्यांना दिसत नाहीत. लूपऐवजी सगळे बीसीसीत घातले असते, तर त्या रात्री कुणाचं नाव कुणाला कळलं नसतं. म्हणजे मी जास्त काळजी घ्यायला गेलो आणि त्यातच घात झाला. तेव्हाचा मी म्हणाला असता, की बीसीसीत प्रत्येकाला नावाने लिहिता येत नाही, शिवाय एकाला गेला आणि दुसऱ्याला नाही याची नोंद नीट ठेवता येत नाही. मुद्दे खरे आहेत. पण त्या अडतीसांपैकी कुणी नावाने हाक मागितली नव्हती.

बाकीचं भराभर सांगतो. पत्ते फॉर्मच्या लपलेल्या खान्यात ठेवायचे नाहीत, सर्व्हरवर मेल पाठवणाऱ्या स्क्रिप्टमध्येच ठेवायचे. १९९५ सालच्या फॉर्ममेल नावाच्या, पर्ल भाषेतल्या स्क्रिप्टमध्ये मेल कुणाला जायचा ते फॉर्मच ठरवायचा, आणि स्पॅमवाल्यांनी तिचा फुकटचा टपालवाला केला. साइटवर फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता 'फ्रॉम'मध्ये नको, 'रिप्लाय-टू'मध्ये हवा, नाहीतर पाठवणारा खरा आहे का हे बघणाऱ्या एसपीएफ आणि डीमार्कच्या तपासणीत मेल अडकतो. हेडरमध्ये, म्हणजे मेलच्या पत्ते-विषय असलेल्या भागात, जाणाऱ्या प्रत्येक खान्यातून नवी ओळ काढून टाकायची, कारण तिथूनच कुणीतरी स्वतःची बीसीसी घुसवतो. आणि मेल फंक्शनने 'ट्रू' म्हटलं म्हणजे मेल पोचला असं नाही. सर्व्हरने तो हातात घेतला, इतकंच.

यात दोन दिवस लागतात का? प्रामाणिकपणे, नाही. अर्धा दिवस लागतो. उरलेला दीड दिवस मी तीन खोटे पत्ते घेऊन तेच तेच पाठवून बघतो, आणि तुम्हाला बिल अर्ध्याच दिवसाचं लावतो. अतिरेक आहे, असं माझा सहकारी म्हणतो. असेलही.

तर, ते तिघं कोण आहेत? एकमेकांना ओळखतात का, आणि एकाला कळलेलं दुसऱ्याला कळलं तर चालेल का? एवढं कळवा, मग दिवस सांगतो.