मसूर, वाफसा आणि माझं साडेचारशे रुपयांचं मीटर (सुगीनंतरची नोंद)

मंडळी, दिवाळीनंतर काहीच लिहिलं नाही, कारण सुगी. ज्यांच्या घरी भात आहे त्यांना सांगायला नको, कापणी, बांधणी, मळणी, मग पिंजार (भाताचा पेंढा) रचायचं, आणि मधे माझी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली सेकंड शिफ्ट. रात्री साडेअकराला घरी यायचं आणि सकाळी सहाला विळा घेऊन येळ्ळूरच्या शिवारात. असो, आता संक्रांत झाली, जरा श्वास घेतोय.

आधी थोडक्यात बाकीचं. भातात इंद्रायणी बरी झाली, बासमती नेहमीसारखी आडवी पडली, उंच वाढते आणि परतीच्या पावसात झोपते, तरी घरी खायला म्हणून आई पाच गुंठे लावायला लावतेच. रताळ्याचा प्रयोग फेल. सासुरवाडी उचगावची, तिकडच्या लाल मातीत रताळी कशी गुबगुबीत येतात बघून मी जूनमध्ये वेल आणून आमच्या काळ्या मातीत लावले. वेल असा माजला की बघणारे थांबून विचारायचे, आणि खणल्यावर खाली बोटाएवढ्या वाकड्यातिकड्या मुळ्या. वेल म्हशींनी खाल्ला, मुळ्या पण म्हशींनीच. सासरे अजून हसतायत.

आता मेन विषय, मसूर. आमच्याकडं भात निघालं की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा पेरायचा, पाणी द्यायचा विषयच नाही, जमिनीत राहिलेली ओल आणि पहाटेचं दव एवढ्यावर पीक येतं. म्हणजे सगळा खेळ पेरणी कुठल्या दिवशी करायची त्याचा, आणि तो दिवस भाताची जात ठरवते. इंद्रायणी १३५-१४० दिवसांची (१९८७ ची जात, वडगाव मावळच्या केंद्रातून आलेली, आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांचा संकर), कुरीनं (बैलांच्या पेरणीच्या अवजारानं) जूनला पेरली की नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कापणी. त्यात बळ्ळारी नाल्याकडच्या बाजूला पाणी लवकर हटत नाही, वरच्या वावरात भेगा पडायला लागल्या तरी खालच्यात पाय रुततोय.

बाबा वाफसा (म्हणजे माती पेरणीजोगी ओली, ना चिखल ना कोरडी) कसा बघतात तर मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. फुटला तर पेरा, नुसताच चपटा झाला तर थांबा, आणि गोळाच होत नसेल तर उशीर झाला. मी कामावर वर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) घेऊन काम करणारा माणूस, मला हे काय पटेना. म्हणून ऑनलाइन ओलावा मोजायचं मीटर मागवलं, दोन सुया मातीत खुपसायच्या की काटा हलतो, साडेचारशे रुपये. आई म्हणाली, "आता मातीला ताप आलाय का बघणार काय?"

यंदा मग पैजच लागली. पंधरा गुंठ्यांचे पाच-पाचचे तीन तुकडे केले, सगळं मिळून सहा किलो घरचं बारीक बी, सगळ्याला रायझोबियम (कडधान्याच्या मुळांवर नत्र धरणारे जिवाणू) चोळलं, भाड्याच्या बैलजोडीनं कुरीनंच पेरलं (ओलीत ट्रॅक्टर घातला की चाकाखालची जमीन दगड होते, ती चूक गेल्या वर्षी करून झालीय). पहिला तुकडा काटा "योग्य" म्हणाला त्या दिवशी पेरला. दुसरा चार दिवसांनी, बाबांच्या गोळ्यावर. तिसरा मुद्दाम आणखी आठ दिवस थांबून.

वीस दिवसांनी प्रत्येक तुकड्यात दहा ठिकाणी एक मीटर ओळीतली रोपं मोजली, सरासरी अशी आली: मीटरवाला ९, बाबांचा २६, उशिराचा १५. पहिल्यात उकरून बघितलं तर बी मऊ होऊन कुजलेलं, काळ्या मातीत पाणी भरलेलं असलं की हवाच पोचत नाही. तिसऱ्यात उलटं, वरची दोन इंच माती सुकलेली आणि बी तसंच कोरडं पडलेलं. आणि मीटर चुकलं का, तर असली सुयांची मीटरं खरं म्हणजे मातीतून वीज किती वाहते ते बघतात, खत-क्षार असले की काटा हलतो, आणि त्यावर लिहिलेलं "योग्य" हे कुंडीतल्या झाडासाठी, आमच्या चिकट मातीसाठी नव्हे. हे मला विकत घ्यायच्या आधी कळायला पाहिजे होतं.

बाबा एक शब्द बोलले नाहीत. फक्त परवा पाहुणे आले तेव्हा त्यांना मीटर आणून दाखवलं.

पहिल्या तुकड्यातल्या मोकळ्या जागेत परत हातानं बी टोकलं, तर आमच्याच कोंबड्यांनी उकरून खाल्लं, राहिलेलं मोरांनी. तिथं आता कोथिंबीर टाकलीय, घरामागचं पाणी बादलीनं नेऊन. दुसरा तुकडा मात्र बघण्यासारखा आहे, गुडघ्याच्या खाली दाट हिरवं आणि बारीक पांढरट-निळसर फुलं लागलीत. काढणी फेब्रुवारीच्या शेवटाला धरलीय, भुसकट म्हशींसाठी आधीच बुक, थोरली म्हैस त्याच सुमाराला व्यायला आहे आणि मसुराचं भुसकट मिळालं की ती पिंजाराला तोंड लावत नाही.

पुढच्या वर्षी मीटर परत खुपसणार, पण आता बाबांचा गोळा फुटतो त्या दिवशी काटा कुठं असतो ते वहीत लिहून ठेवणार, तीन-चार वर्षांचे आकडे झाले की आमच्या वावरापुरता तरी काहीतरी अंदाज येईल. कुणी काळ्या मातीत असं केलं असेल तर सांगा.

सध्या टेन्शन एकच, तीन दिवस ढगाळ आहे आणि कडेनं लावलेल्या मोहरीवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) चढलाय. अजून मसुरात उतरला नाही. उद्या रविवार, बुट्टी (टोपली) घेऊन जायचं आणि मोहरीचे भरलेले शेंडे मोडून बांधापलीकडं पुरायचे.